पाचारणाची भीती नेमकी कोणाला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण घरच्यांशीच आहे, तेव्हा मावशी, काका, वाचून झाल्यावर फोन करून काय ते सुनवा, पण आधी पूर्ण वाचा.

आमच्या पारशिवनीसारख्या ठिकाणी कॅथलिक घरं कमीच. त्यातल्या एखाद्या पोरानं ‘फादर व्हावंसं वाटतं’ किंवा पोरीनं ‘सिस्टर व्हायचंय’ असं म्हटलं, की दोन प्रकारची माणसं गोळा होतात. पहिली रडणारी : म्हातारपणी आम्हाला कोण बघेल? दुसरी भाविक : भीती वाटते म्हणजे तुझी श्रद्धाच कमी, डोळे मिटून उडी मार! मला दोन्ही पटत नाहीत. दुसरी तर मुळीच नाही.

कारण डोळे मिटून उडी मारा असं खुद्द चर्चच सांगत नाही. 1983 ची धर्मसंहिता उघडून बघा. 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये प्रवेश नाही. तिथे किमान 12 महिने काढायचे, आणि त्या काळात कधीही बॅग उचलून घरी यायची मोकळीक. मग तात्पुरती व्रतं, साधारण 3 ते 6 वर्षं. कायमची व्रतं त्यानंतर, तीही 21 च्या आत नाहीत. धर्मगुरूची दीक्षा सर्वसाधारणपणे 25 च्या आधी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : बळजबरीनं, फसवून किंवा गंभीर धाक दाखवून कोणाला आत घातलं, तर तो प्रवेशच अवैध! म्हणजे भीती वाटली तर थांब, बघ, विचार, एवढी सोय नियमातच आहे. मग त्या पोराला आपण कशाला ढकलायचं?

आता रडणाऱ्यांकडे वळतो. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेनं मुलीला जबरदस्तीनं मठात टाकणाऱ्यांना बहिष्कृत ठरवलं. हे आपण कौतुकानं सांगतो. पण योग्य कारणाशिवाय तिला अडवणाऱ्यांनाही तीच शिक्षा त्याच ठरावात आहे, ते कोणी सांगत नाही!

म्हातारपणाची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. संघात व्रतं घेतलेल्याची कमाई संघाची होते. धर्मप्रांताचा धर्मगुरू मात्र दारिद्र्याचं व्रत घेत नाही. हा फरक किती घरांत समजावून सांगतात? आई आजारी पडली तर मला घरी येता येईल का, घराला काही मदत मिळेल का, हे पोरानं जाण्याआधी सरळ विचारावं. विचारण्यात कसला आलाय अविश्वास? उत्तर मिळालं की निम्मी भीती तिथेच उतरते.

उरलेली निम्मी मात्र वेगळीच आहे. ‘मला जमलं नाही तर?’ ही ती भीती. आणि ती, माफ करा, आपणच घातलेली आहे. पोरगा सेमिनरीत गेला की हार, पेढे, फोटो. दोन वर्षांनी परत आला की कुजबुज. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा ‘तो तिथून पळून आलेला’ असं हळूच सांगतात.

ही खोड आपल्या मातीत जुनी आहे. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनं ते परत संसारात आले, आणि ‘संन्याशाची पोरं’ म्हणून समाजानं ज्ञानदेवादी भावंडांना छळलं ही परंपरेतली कथा आपण शाळेत वाचली, हळहळलोही. चक्रधरस्वामींची कथाही तशीच बोलकी. रामटेक आमच्या शेजारचं. तिथल्या यात्रेचं निमित्त सांगून ते घरातून निघाले नि रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटले, असं महानुभाव परंपरा सांगते. घरी खरं सांगता येत नाही, तेव्हाच माणसाला निमित्त शोधावं लागतं.

आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया? येशूसंघात जायची त्यांची इच्छा होती, तिथे प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. 1862 साली त्यांना संतपद मिळालं. मधल्या काळात वसईतल्या एखाद्या काकूनं ‘नापास झाला बिचारा’ म्हटलं असतं, तर ती किती चुकली असती!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पाचारणाच्या भीतीवर औषध पोराला नको, आपल्याला हवं. तो जाताना हार थोडे कमी घाला, आणि परत आला तर पेढे तेवढेच वाटा. परतीची वाट अब्रूची असली, तर जायची वाट आपोआप कमी भयाण होते. मग जो राहील तो मनापासून राहील, लाजेपोटी नाही. लाजेपोटी राहिलेला फादर कोणाला हवाय?

असो. काकू, आता करा फोन.