शिफ्ट संपतानाचा नमुना

बडोद्याच्या आसपास रंग-रसायनांचे कारखाने पुष्कळ, आणि आपल्या घरांतली मुले-मुली तिथे नोकरीला. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

टोल्युईनची वाफ श्वासातून जाते, द्रव त्वचेतूनही शिरतो. हवेची तपासणी खोलीत किती वाफ आहे ते सांगते. अंगात किती गेली, ते लघवी सांगते. पूर्वी त्यासाठी हिप्पुरिक आम्ल मोजत. पण सोडियम बेंझोएट घातलेले सरबत प्यायले तरी ते वाढते! म्हणून आता ऑर्थो-क्रेसॉल किंवा खुद्द टोल्युईन मोजतात. सिगारेटनेही क्रेसॉल वाढते, तेव्हा ओढत असाल तर सांगा.

नमुना शिफ्ट संपतानाच द्या. रात्रभरात खुणा ओसरतात. अहवाल मागून घ्या. आकडा वाढला तर नोकरीच्या भीतीने लपवू नका. वायुवीजन आणि हातमोजे तपासायला लावा.