तपासणीचें मोल

आमच्या धाकट्या सूनबाई इंग्रजीवरून मराठींत भाषांतरें करून देतात. गेल्या महिन्यांत त्या रात्रीं बारापर्यंत बसलेल्या पाहून मीं विचारलें, "सूनबाई, काम वाढलेलें दिसतें?" त्या म्हणाल्या, "काम वाढलें, मामंजी. मोबदला मात्र निम्म्यावर आला. आतां भाषांतर यंत्र करतें. मीं नुसतें तपासायचें, असें काम देणारांचें म्हणणें."

त्यांनीं एका औषधाचें माहितीपत्रक पुढें केलें. हें औषध दुधाबरोबर घेऊं नये, असें मूळ वाक्य. यंत्राच्या मराठींत तें 'घ्यावें' असें झालें होतें. वाक्य मात्र इतकें सुबक, कीं वर्गांत असतों तर पैकीच्या पैकी गुण दिले असते!

२०२२ च्या नोव्हेंबरांत 'चॅटजीपीटी' लोकांस खुलें झालें, तेव्हांपासून अशा यंत्रांचा बोलबाला आहे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तीं अफाट मजकुरावरून शिकलेलीं असतात. म्हणून त्यांची भाषा सहसा अडखळत नाहीं. परंतु संभवनीय तें सत्यच असतें असें नव्हे. आपलें न्यायशास्त्र शब्दास प्रमाण मानतें, तें तो आप्ताचा असेल तरच. म्हणजे ज्यास वस्तु यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगूं इच्छितो, त्याचा. यंत्रास ना तें ज्ञान, ना ती इच्छा. म्हणून आप्ताचें काम सूनबाईंकडे येतें, आणि त्यासच 'नुसतें तपासणें' म्हणतात!

सुबक चूक शोधणें हें ढोबळ चूक शोधण्याहून कठीण, हें जन्मभर वह्या तपासलेला मनुष्य शपथेवर सांगेल. ही दृष्टि स्वतः भाषांतरें करूनच येते. नवशिक्यांस तें कामच मिळालें नाहीं, तर वीस वर्षांनीं तपासणार कोण?

यंत्रामुळें माणसास विसांवा मिळेल, असें सांगण्यांत येतें. वेळ वांचतो हें खोटें नाहीं. तो कोणाच्या पदरीं पडतो, हा प्रश्न आहे. अमेरिकेंत हॉलिवूडच्या पटकथालेखकांनीं २०२३ सालीं १४८ दिवस संप केला. त्यांतील एक मागणी याच यंत्राविषयीं होती. तडजोडींत असें ठरलें कीं, यंत्राचा मजकूर लेखकाच्या हातीं देतांना तसें सांगितलें पाहिजे, व यंत्र वापरण्याची सक्ती त्याच्यावर करतां येणार नाहीं. त्यांनीं यंत्रास हांकलून दिलें नाहीं. त्याची पायरी ठरवून दिली. पण त्यांच्यामागें संघ होता. घरीं एकटीनें काम करणाऱ्या स्त्रीमागें कोण आहे?

माझ्या सल्ल्यानें सूनबाईंनीं तें एक वाक्य मुळासह काम देणारांस पाठविलें, आणि तासांवर मोबदला मागितला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तोंवर जेवणें आटोपलीं कीं मी मूळ मोठ्यानें वाचतों, त्या मराठीवर बोट ठेवून ऐकतात. दहाच्या सुमारास दिवा मालवतो. तेवढाच विसांवा आम्हीं घरच्या घरीं मिळविला आहे.