आशाताई गावाला सांगते, आशाताईला कोण सांगणार?

गावात बाळंतीण घरी आली की आशाताईच्या सहा फेऱ्या ठरलेल्या. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक फेरी जास्तीची. प्रत्येक फेरीत बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. दोन महिने ते वर्षापर्यंत हाच आकडा ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०. हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. पण प्रशिक्षणाला चार वर्षं झाली, पुस्तिका पावसाळ्यात भिजली, आणि समोर सासूबाई म्हणतायत, "काही नाही हो ताई, थंडीनं होतंय, शेक दिला की बसंल." अशा वेळी आकडा पक्का आठवला नाही तर ताईचा आवाज खाली येतो आणि दवाखान्यात न्यायचं उद्यावर जातं. एवढ्याशा बाळाच्या बाबतीत उद्या म्हणजे फार उशीर.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून साधारण हजार वस्तीमागे एक आशा मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आपल्याकडं सत्कारही झाले, शाली मिळाल्या. पण आशाकडून माहिती घेणारे किती आणि तिला माहिती देणारे किती, हा हिशेब कुणी मांडत नाही. गरोदर मातांची नोंद, लसीकरणाच्या याद्या, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचे फॉर्म, आयुष्मान कार्ड, शिवाय मध्येच एखादा तातडीचा सर्व्हे. माहिती गावातून वर जाते. वरून खाली येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सअपवरचा आदेश आणि त्याची शेवटची तारीख.

आता लोक तिला काय विचारतात ते बघा. 'लेक लाडकी'ला कोणतं रेशनकार्ड चालतं? (पिवळं आणि केशरी, मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली हवी. हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण त्यासाठी ताईच्या हातात खात्रीचा कागद पाहिजे.) कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस उलट्या करतोय, त्याला मीठपाणी पाजायचं का? पाजायचं नाही, कीटकनाशकाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. रात्री साप चावला, सर्पदंशावरची लस जवळ कुठं मिळेल? आज त्या केंद्रात साठा आहे का? दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यात सहाव्या महिन्यातली बाई असते. तिची पुढची तपासणी कुठं व्हायची, कार्ड कुणाला दाखवायचं? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं कोणत्याच पुस्तिकेत नाहीत. लसीचा साठा आज कुठं आहे, हे पुस्तक कसं सांगणार?

म्हणून ताई मोबाईल काढते. मोबाईलवर खरं आणि खोटं एकाच रांगेत उभं असतं. कोरोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी याच बाया दारोदार फिरल्या आणि त्याच मोबाईलमधल्या अफवांशी भांडल्या. तेव्हाही त्यांच्या हाताशी शासनाचं म्हणून दाखवता येईल असं मराठीतलं छापील फार थोडं होतं.

खेड्यातल्या बाईला आरोग्याचं ज्ञान पेलत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते महाराष्ट्रानंच खोटं ठरवलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी तयार केलेल्या आरोग्यसेविकांपैकी अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना पुस्तक देऊन घरी पाठवलं नाही. त्या दर आठवड्याला केंद्रात यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, अडलेलं विचारायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ वर आला. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ मध्ये ते छापून आलं, आणि आज आशा ज्या घरभेटी करते त्यांचं मूळ तिथंच आहे. भेटी आपण उचलल्या. पण दर आठवड्याला बसून शंका विचारायची ती जागा मागंच राहिली.

खरं तर जालन्याला असं काही नवीन नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं शेतकऱ्यांचं मासिक चर्चासत्र भरतं. मोसंबीची पानं पिवळी का पडली, हे विचारायला शेतकऱ्याला जागा आहे. आशांची महिन्याची बैठक होते ती आकडे गोळा करायला. तिथं शंका काढली की "ताई, आधी रिपोर्ट द्या."

इथं गावातलं वाचनालय आठवतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड असे वर्ग करून वाचनालयांना अनुदान सुरू केलं. आठही तालुक्यांत अशी वाचनालयं आहेत. सगळीच चालतात असं म्हणणं धाडसाचं. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कुलुपं आणि कागदावरची वाचनालयं बरीच सापडली. जी चालतात तिथं अनुदान वेळेवर नाही आणि ग्रंथपालाचा पगार सांगायला लाज वाटावी असा. आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. संध्याकाळी वाचनालय उघडतं तेव्हा तिथं पेपर वाचणारे पुरुष बसलेले असतात. आशा असो की अंगणवाडीताई, तिथं जाऊन निवांत बसेल ही शक्यता कमीच.

तरीही दुसरी सार्वजनिक जागा कुठं आहे? उपकेंद्र प्रत्येक गावात नाही. वाचनालयात एक कपाट आणि आठवड्यातली एक दुपार फक्त आशा, अंगणवाडीताई आणि गावातल्या बायांसाठी ठेवायला नवा कायदा लागत नाही. कपाटात काय असावं? आशांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांचा पूर्ण संच, योजनांचे शासन निर्णय मोठ्या अक्षरात छापून, डॉ. शाम अष्टेकरांचं 'भारतवैद्यक', डॉ. राणी बंग यांचं 'कानोसा'. आणि एक प्रश्नांची वही. ताईनं प्रश्न लिहायचा, गटप्रवर्तकानं तो तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं न्यायचा, उत्तर तारीख आणि सहीसह त्याच वहीत आलं पाहिजे.

तारखेचा आग्रह उगीच नाही. आरोग्याचं जुनं पुस्तक नुसतं कपाटात राहिलं तर ते धोक्याचंही ठरतं. जुन्या पुस्तिकांत बाळाच्या न्यूमोनियासाठी कोट्रायमोक्झॉलची मात्रा दिसते, आता त्या जागी अमॉक्सिसिलिन आहे. साप चावल्यावर करकचून बांधायला सांगणारी पुस्तकं अजून फिरतात. ग्रंथपालाला यातलं कळणार नाही, ते त्याचं कामही नव्हे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आरोग्य विभागानं वर्षातून एकदा तरी बघावं. २०२४ पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शिकणाऱ्या मुला-मुलींनी महिन्यातून एक दुपार एखाद्या गावच्या वाचनालयात ही वही घेऊन बसलं तर त्यांनाही खरं गाव कळेल.

अडचण पैशाची आहे, आणि ती आशांच्या बाजूनं बघितली पाहिजे. त्यांना कामावर मोबदला मिळतो. २०२४ च्या सुरुवातीला मोठा संप झाला, तेव्हा कुठं मानधनात ५ हजारांची वाढ निघाली. अशा बाईला "आता वाचनालयातही ये" म्हटलं तर ती वैतागणारच, आणि तिचं चुकत नाही. घरभेटीचे पैसे मिळतात तसे या दुपारचे मिळाले पाहिजेत. ग्रंथपालालाही जास्तीच्या तासांचं काहीतरी द्यावं लागेल. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून एखाद्या तालुक्यात, समजा भोकरदन किंवा मंठ्यात, दहा गावं घेऊन वर्षभर करून बघायला फार मोठा निधी लागत नाही. वर्षाच्या शेवटी त्या दहा वह्या उघडायच्या. कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा आले आणि किती प्रश्नांपुढं जागा कोरीच राहिली, ते तिथं दिसेल.