टाकी नवी, टीसीएल जुनी. पावसाळ्यात गावात साथ शिरते तरी कुठून?

पहिले दोन-चार पाऊस झाले की ग्रामीण भागात तेच चित्र दिसते. एखाद्या वस्तीत आधी दोन पोरांना उलट्या-जुलाब होतात. घरचे म्हणतात, आंबे जास्त खाल्ले असतील. तिसऱ्या दिवशी त्याच आळीतले आठ-दहा जण सलाईनवर असतात. मग आरोग्य पथक येते, पाण्याचे नमुने घेतले जातात, ग्रामसेवकाला नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत सगळे शांत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

अमरावती जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची लागण झाली. ग्रामस्थांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले होते. गावात पाणीपुरवठ्याची सोय नव्हती असे नाही. वीजबिल थकल्याने वीज तोडली गेली, पंप बंद पडला आणि बायाबापड्यांना विहिरीवर जावे लागले, असे त्या वेळच्या बातम्यांतून पुढे आले. साथ फक्त डोंगरातच राहिली असेही नाही. अमरावती तालुक्यातील नया अकोल्यातही रुग्ण निघाले. त्या महिन्यात जिल्ह्यात कॉलऱ्याचे १८१ रुग्ण आणि पाच मृत्यू नोंदले गेले.

म्हणजे डोंगरातल्या त्या साथीच्या मुळाशी एक न भरलेले बिल होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण साथीची चर्चा झाली की आपल्याकडे बोट दाखवले जाते ते लोकांच्या ‘अस्वच्छ सवयीं’कडे. सवयींचा वाटा आहेच, पण एकाच आळीतले तीस लोक एकाच आठवड्यात आजारी पडतात तेव्हा तीस जणांनी एकदम हात धुणे सोडलेले नसते. त्या सगळ्यांच्या घरात एकच पाणी गेलेले असते.

आता हे पाणी बिघडते कुठे? जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, माणशी दररोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरले, अनेक गावांत नव्या टाक्या उभ्या राहिल्या, दारात नळ आले. पण नळ आला म्हणजे शुद्ध पाणी आले असे होत नाही. बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दीड तास सुटते, काही ठिकाणी दिवसाआड. पाणी सुरू असते तेव्हा पाइपात दाब असतो आणि फुटक्या जोडातून पाणी बाहेर जाते. लोकांना गळती दिसते ती एवढीच. खरा घोटाळा पाणी बंद झाल्यावर होतो. पाइप रिकामा होतो, दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप नालीतून किंवा नालीच्या कडेने गेला असेल तर आत काय जाते हे वेगळे सांगायची गरज नाही. पावसाळ्यात तर जमीनच पाण्याने भरलेली असते आणि व्हॉल्व्हचा खड्डा म्हणजे गढूळ पाण्याचे डबके. वॉलमन त्यातच हात घालून चावी फिरवतो.

यात भर पडते ती नळाला थेट मोटार लावण्याची. ज्याच्या घरी मोटार आहे तो पाइपातले पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर शेजारच्या फटीतली घाणही ओढतो. मोटार एकाची, जुलाब सगळ्या गल्लीला. ग्रामसभेत यावर सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन बटन दाबतात. शोषखड्डा नसलेले संडास, पाइपाच्या वर बांधलेले गोठे, उघड्यावर जाणारे लोक, हे सगळे या फटीशी येऊन मिळते. कॉलरा, टायफाईड, कावीळ (ए आणि ई प्रकारची), साधा गॅस्ट्रो, या सगळ्यांची वाट एकच: विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात.

फट कायमची बुजवायला पैसा आणि वेळ लागतो. तोवर मध्ये उभी राहते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावाच्या आरोग्याचा हा सगळ्यात स्वस्त पहारेकरी आहे आणि त्याचेच सगळ्यात जास्त हाल आहेत. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. पण क्लोरीन उडून जाते. ओल, ऊन आणि हवा लागली की पोते जागच्या जागी मरते. ग्रामपंचायतीच्या पडवीत तोंड उघडे ठेवलेले, खाली ओल, वर पत्रा, असे पोते सहा महिन्यांनी निव्वळ चुना होऊन बसते. म्हणूनच क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेले की ती पावडर वापरू नये, असा नियम आहे.

हिशोब करून पाहा. टाकी ५० हजार लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर २५० ग्रॅम पावडर. तिच्यात ३० टक्के क्लोरीन असेल तर दर लिटरला दीड मिलिग्रॅम पडते. पाण्यातली घाण मारून शेवटच्या नळापर्यंत थोडे उरते. तीच पावडर १० टक्क्यांवर आलेली असेल तर पडते अर्धा मिलिग्रॅम, आणि ते गढूळ पाण्यात आणि पाइपाच्या शेवाळात वाटेतच संपते. वॉलमनने मोजून टाकली, रजिस्टरवर सही केली, कुठेही खोटे नाही. तरी पाणी कच्चेच.

टाकायची पद्धतही महत्त्वाची. पावडर थेट टाकीत ओतून चालत नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे. प्रत्यक्षात वीज येते सकाळी कधीतरी, बाया भांडी घेऊन उभ्या असतात, ‘सोड रे लवकर’ म्हणून आरडाओरडा सुरू असतो. अर्धा तास कोण थांबणार? वॉलमन गावातला सगळ्यात कमी पगाराचा माणूस, तोही कधी चार महिने थकलेला. त्याच्या हातात पूर्ण गावाचे पोट दिलेले असते.

तपासणीची सोय नाही असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक असतो. ओटी टेस्ट असते: पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग लगेच, काही सेकंदांत बघायचा असतो. नंतर गडद झालेला रंग फसवा. दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन घरच्या नळाला मिळायला हवे, साथ असेल तर ०.५. मात्र ही टेस्ट बऱ्याच ठिकाणी टाकीजवळच्या नळावर उरकली जाते, आणि तिथे ती चांगलीच येणार. वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हिरवे कार्ड मिळाले की फोटो निघतो. पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात मिळालेले हिरवे कार्ड जुलैच्या पाण्याची हमी देत नाही, कारण तेव्हा नाली कोरडी असते.

पैशाचे कारणही पूर्ण पटणारे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित होती, निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. पेव्हिंग ब्लॉक आणि सभामंडपाला जेवढी घाई दिसते तेवढी गळती काढायला दिसत नाही. गळती काढल्यावर कोनशिला लावता येत नाही ना!

घरातही काही गैरसमज घट्ट बसले आहेत. तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झाले, हा त्यातला पहिला. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. निवळलेल्या पाण्यात क्लोरीन चांगले काम करते, म्हणून तुरटी उपयोगाची, पण ती अर्धेच काम. लग्नात, तेरवीत येणारे थंड पाण्याचे जार हा दुसरा. थंड म्हणजे शुद्ध नव्हे. आणि पाणी चांगले असले तरी माठात हातासकट गिलास बुडवला की संपले. घरातल्या एकाला जुलाब लागल्यावर बाकीच्यांना होतात ते याच वाटेने. लांब दांड्याचे ओगराळे, आणि संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी साबणाने हात, इथे सवयीचा खरा वाटा येतो. क्लोरीनची चव आली की लोक ओरडतात, ‘दवा जास्त झाली’ म्हणतात आणि वॉलमन दुसऱ्या दिवशी माप कमी करतो. पावसाळ्यात तो हलका वास आला तर हायसे वाटायला हवे.

साथ आटोक्यात येते की पसरते हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरते. पण पहिले रुग्ण जातात गावातल्या खासगी डॉक्टरकडे, इंजेक्शन घेतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्ता लागतो आठव्या-नवव्या रुग्णाला. एका आळीत दोन दिवसांत तिघांना जुलाब झाले तर आशाताईला सांगणे हे पाण्याचा नमुना पाठवण्याइतकेच मोलाचे आहे. तिच्याकडे ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या असतात. जुलाबात माणूस जंतूने कमी, पाणी सुकल्याने जास्त दगावतो. म्हणून पहिल्या पातळ जुलाबापासून ओआरएस सुरू करावे, बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये, झिंक १४ दिवस द्यावे, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी होत नाही, पोर मलूल पडले, भाताच्या पेजेसारखे जुलाब होताहेत, असे काही दिसले तर घरी वाट न बघता दवाखाना गाठावा.

ग्रामपंचायतींनी या आठवड्यात तपासायचे ते फार नाही. पोत्यावरची तारीख कोणती, पोते कुठे ठेवले आहे, पंपाचे वीजबिल कुठवर भरले आहे, वॉलमनचा पगार झाला का. आणि ओटी टेस्टची बाटली घेऊन टाकीपाशी नव्हे, तर पाइप जिथे संपतो त्या शेवटच्या घरी जायचे. बहुतेक गावांत ते घर नालीच्या उताराला, वस्तीच्या टोकाला असते, आणि पहिला रुग्णही बहुधा तिथूनच निघतो.