विश्लेषण : नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास, पण आरओ हवाच का?

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरसारखा वास येऊ लागला, की घरोघरी ‘आता आरओ घ्यायलाच हवा’ अशी चर्चा सुरू होते. विक्रेता टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि हजारो रुपयांचा व्यवहार ठरतो. प्रत्यक्षात टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्लोरीन मोजत नाही.

क्लोरीन पाण्यात का असतो?

कावीळ, गॅस्ट्रो, कॉलरा पसरवणारे जंतू मारण्यासाठी. शुद्धीकरण केंद्रापासून घरापर्यंतच्या वाहिनीत गळतीतून घाण शिरण्याचा धोका असतो. म्हणूनच नळाच्या टोकाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते. गावात ग्रामपंचायतीकडून टीसीएल टाकल्यावर ओटी चाचणी होते, तीही याचसाठी. थोडक्यात, हलका वास ही तक्रारीची नव्हे, पाणी राखले जात असल्याची खूण आहे.

मग वास घालवायचा कसा?

त्यासाठी अॅक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे प्रक्रिया केलेल्या कोळशाचा फिल्टर पुरतो. नळाला लावायचा किंवा भांड्यासारखा फिल्टर विजेशिवाय चालतो आणि पाणी वाया घालवत नाही. आरओ यंत्रातही क्लोरीन काढण्याचे काम कार्बनच करतो. कारण क्लोरीनमुळे पुढचा पडदा खराब होतो. म्हणजे वासापुरता आरओ घेणारा ग्राहक कोळशाच्या कामासाठी पडद्याचे पैसे मोजतो. शिवाय घरगुती आरओ लिटरभर पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना हे परवडणारे नाही.

आरओ कोणाला हवा?

खारट बोअरवेलच्या पाण्याला. मानकानुसार टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून मुंबईला येणारे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले होते.

स्वस्त फिल्टर घेताना काय पाहावे?

कार्बन जंतू मारत नाही. टाकी अस्वच्छ असेल किंवा पाणी गढूळ येत असेल, तर पाणी उकळावे किंवा कार्बनसोबत यूव्ही असलेले यंत्र घ्यावे. फिल्टर टाकीनंतर, पिण्याच्या नळालाच लावावा. टाकीच्या आधी लावल्यास साठवलेल्या पाण्याचे संरक्षण जाते. क्लोरीन निघालेले पाणी झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. खरेदीपूर्वी यंत्राच्या किमतीइतकीच कार्ट्रिजची किंमत आणि ते किती लिटरनंतर बदलायचे, हे विचारावे. मुदत संपलेल्या कार्ट्रिजमध्ये जंतू वाढू शकतात.

ज्यांना तेवढाही खर्च नको, त्यांनी रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी पातळ फडके बांधून रात्रभर ठेवावे. वास बराच कमी होतो. मीटरवरचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा आपल्या पाण्यात नेमके काय आहे, हे आधी विचारलेले बरे. पैसाही वाचेल आणि पाणीही.