पेढीवरील पडद्याची उंची

माल तोलून घेतल्यावाचून आपण तो हातचा सोडत नाही. परंतु ज्या यंत्रापुढे आपले मुनीमजी दिवसाचे आठ-आठ तास बसतात, त्याचा पडदा किती उंचीवर असावा, हे मोजून पाहणारे मालक थोडेच आढळतात.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आमच्या लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावीही रोजमेळ-खतावणीचे काम संगणकाकडे गेले. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या पेढीवर तर ११ व २० या तारखा जवळ आल्या की कोणी जागचे हालत नाही.

लेखनिकांची दुखणी नवी नव्हेत. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत त्यांची तीन कारणे सांगितली: अखंड बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरील ताण. गादीसमोरच्या उतरत्या मेजावर वही निदान डोळ्यांकडे किंचित उचललेली असे. त्याच बैठ्या मेजावर आज लॅपटॉप ठेवला जातो आणि मान अधिकच खाली जाते.

माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते. मान सरळ असता मणके ते तोलून धरतात. ती पुढे झुकली की मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंना तो भार ओढून धरावा लागतो. वजन टेकूपासून जितके दूर, तितका दांडीवर त्याचा जोर अधिक, हे काटा धरणाऱ्यास सांगावयास नकोच.

उपाय अल्प खर्चाचा आहे. लॅपटॉपखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस अथवा किंचित खाली आणावी. अंतर हातभर असावे. कळफलक मात्र निराळा घ्यावा, अन्यथा मान सुटेल आणि खांदे अडकतील. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पडदा थोडा अधिक खाली ठेवावा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावे लागते. शिवाय अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे.

ही जबाबदारी मालकाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुनीमजी संकोचाने बोलत नाहीत, आणि पेढीवर नव्याने बसलेली आपली मुले तरुणपणाच्या जोरावर दुखणे अंगावर काढतात. यंत्रासाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने कळफलकाच्या शेकड्यांत काटकसर करणे व्यापारी शहाणपणाचे नव्हे. तरी व्यापारी बंधूंनी येत्या वहीपूजनाची वाट न पाहता, आपल्या पेढीवरील पडद्याची उंची आजच पाहून घ्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे.