दुष्काळाला श्रेय कशाला?

विट्यात नुकतंच एक व्याख्यान ऐकलं. वक्त्यांचा सिद्धांत असा: माणसाचा स्वभाव पाऊस ठरवतो. खानापूर-आटपाडीची माणसं कष्टाळू आणि विश्वासू आहेत, कारण दुष्काळाने त्यांना दुसरा पर्याय ठेवला नाही. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, ऊस आला, की हे गुणही वाहून जातील. टाळ्या पडल्या. मला संताप आला.

आधी ‘पर्याय नव्हता’ हे तपासू. या दुष्काळी टापूतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ पेठांत जाऊन बसली. तिथे भाषा परकी, नातेवाईक कुणी नाही, आणि हातात दुसऱ्याचं सोनं. वक्त्यांनी एकदा भट्टीपाशी बसून पाहावं. जुनं सोनं चांदीत मिसळून वितळवतात आणि मग नायट्रिक ॲसिडमध्ये सोडतात. तपकिरी धूर उठतो, चांदी-तांबं विरघळतं आणि भांड्याच्या तळाशी मातकट भुकटी उरते. तेच सोनं. मुशीत टाकणखार घालून पुन्हा वितळेपर्यंत त्याला चकाकी नसते. समोर उभ्या सोनारालाही ते आपलं म्हणून ओळखता येणार नाही. घट किती येईल याचा त्याला अंदाज असतो, पण अंदाज आणि खरं वजन यांच्यात चिमूटभर जागा उरतेच. ती चिमूट खिशात घालायची की मुशीत, हे तिथे दुष्काळ येऊन ठरवतो का? उलट, गावाकडे कर्ज थकलेलं असताना चोरीला सबब तयारच असते. पर्याय नव्हता म्हणता? भट्टीवरच्या त्या माणसापुढे दिवसभर दोनच पर्याय असतात, आणि त्याला रोज नव्याने निवड करावी लागते. फसवणारेही याच मातीतून निघाले, हे विट्यात कुणी लपवत नाही. गाव एक, पाऊस एक, तरी माणसं दोन तऱ्हेची. मग पावसाचा सिद्धांत उरला कुठे?

सुपीक मुलखात सज्जन नसतात का, हा प्रश्न तर त्यांना शिवलाही नाही.

असले सिद्धांत नवे नाहीत. पूर्वी शहाणी माणसं जातीवरून स्वभाव सांगत, मग रक्तावरून सांगू लागली. आता पर्जन्यमापक हाती आलंय. प्रत्येक वेळी माणसाच्या हातून त्याचं कर्तृत्व काढून घ्यायचं, एवढंच काम.

माझं म्हणणं साधं आहे. परिस्थिती प्रश्न घालते, उत्तर माणूस देतो. 1980 च्या दशकात आपल्याच तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. पाण्यात भूमिहीनांनाही हक्काचा वाटा असावा, असं ठरवलं. टंचाईत माणूस आपली घागर आधी भरतो. इथल्यांनी वाटणीचा नियम आधी केला. हे त्यांना आभाळाने शिकवलं नव्हतं.

टेंभूचं पाणी पाटाला आल्यावर आपण कसे वागू, हेही आपल्याच हाती आहे. उद्या शेजाऱ्याची पाळी चोरून कुणी रान भिजवलं, तर दोष पाण्याला देता येणार नाही. आणि म्हणूनच आजवर जे सचोटीने वागले, त्यांचा मान दुष्काळाच्या नावावर जमा करू नका.